शेवटच्या फाइलपासून मागे

कार्यशाळेच्या पहिल्या सकाळी मी सर्वांना एकच काम देते: तुमचे सध्याचे संशोधन क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, कसे चालते, ते पायरीपायरीने कागदावर लिहा. गेल्या खेपेस जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मुलीने कागद घेतलाच नाही. तिने पिशवीतून दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. डाव्या बाजूला नमुन्यांची नावे, उजव्या बाजूला जॉबचे, म्हणजे यंत्राकडे सोपवलेल्या कामांचे, लांबलचक क्रमांक, मधे पेनाने काढलेले बाण, काही बाणांवर बरोबरची खूण आणि काहींवर फुली. एक जॉब संपला की त्यातून निघालेली फाइल उघडून पाहायची, मग पुढचा जॉब रांगेत टाकायचा आणि नवा क्रमांक वहीत उतरवायचा, असा तिचा दीड वर्षाचा दिनक्रम होता. "मॅडम, रात्री दोनचा गजर लावून उठते मी. तोवर पहिली पायरी झालेली असते," असे तिने सांगितले, आणि त्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या.

महासंगणकावरील वर्कफ्लोचे स्वयंचलित व्यवस्थापन असे भारदस्त नाव असलेला विषय मी शिकवते. त्या वहीतले बाण संगणकाला समजतील अशा रीतीने लिहून काढणे, एवढाच त्याचा मुळात अर्थ आहे.

पुण्यात राहणाऱ्याला महासंगणकाचे अप्रूप तसे उरलेले नाही. 1988 साली सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेची स्थापना झाली, 1991 साली परम 8000 उभा राहिला, 2018 साली पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 4 पेटाफ्लॉप्स क्षमतेचा प्रत्यूष आला, पुढच्या वर्षी आयसरमध्ये परम ब्रह्म आला, आणि 26 सप्टेंबर 2024 रोजी ज्या तीन परम रुद्र यंत्रांचे लोकार्पण झाले त्यांपैकी एक जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी पुण्याच्याच वाट्याला आले. 2015 साली मंजूर झालेली राष्ट्रीय महासंगणन मोहीम 4,500 कोटी रुपयांची होती. उद्घाटनाच्या प्रत्येक बातमीत यंत्राचा वेग असतो. त्या यंत्रासाठी रात्री दोन वाजता कोण उठते, हे बातमीत येण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचा उपयोग प्रत्यक्षात किती होतो, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते, कारण गजर ऐकू आला नाही तर त्या मुलीचा पुढचा जॉब सकाळपर्यंत रांगेतच नसतो.

आमच्या क्लस्टरवर रांगेचा कारभार स्लर्म नावाचे सॉफ्टवेअर पाहते, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची तोंडओळख असते. त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी स्नेकमेकचे, म्हणजे ज्या वर्कफ्लो-सॉफ्टवेअरवर माझा वर्ग चालतो त्याचे, नावही काढत नाही. एक जॉब दुसऱ्यावर अवलंबून ठेवण्याची सोय स्लर्ममध्येच आहे. आधीचा जॉब यशस्वीपणे संपला तरच हा सुरू कर, असे त्याला सांगता येते. मी तीन जॉबची साखळी बांधायला सांगते, आणि मधल्या स्क्रिप्टमध्ये आधीच एक चूक पेरून ठेवलेली असते. मधला जॉब पडतो, तिसरा मात्र रांगेत बसून राहतो, आणि त्याच्यापुढे कारणाच्या रकान्यात, ही अट आता कधीच पूर्ण होणार नाही, अशा अर्थाचा शेरा दिसतो. मग तिसरा रद्द करा, मधला दुरुस्त करून पुन्हा टाका, त्याचा नवा क्रमांक टिपून घ्या आणि तिसरा त्याला नव्याने जोडा. तीन जॉब असतात तोवर वर्गात हशा पिकतो. नमुने चाळीस असतील आणि त्यांपैकी अकरावा, सव्विसावा आणि एकोणचाळिसावा पडला असेल तर काय कराल, असे विचारले की तो हशा थांबतो.

हा भाग वेळखाऊ वाटून मी एकदा गाळला होता आणि थेट स्नेकमेकला हात घातला होता. सर्वांनी सगळे अचूक टंकले, सगळ्यांचे आलेख निघाले, आणि चहाच्या वेळी एकाने प्रामाणिकपणे विचारले की यातून नेमके काय वाचले. ज्याने साखळी हाताने सोडवलेली नाही त्याला ती आपोआप सुटल्याचे कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. तेव्हापासून ती पेरलेली चूक मी कधी गाळलेली नाही.

या सरावातून एक गोष्ट आपोआप बाहेर येते. स्लर्मला जॉब कळतात. त्या जॉबमधून कोणती फाइल निघायला हवी होती, ती पूर्ण आहे की अर्धवट, ज्या माहितीवरून ती बनली ती माहिती नंतर बदलली का, यातले काहीही त्याला कळत नाही, आणि ते त्याचे कामही नाही. फाइलींचा हिशेब ठेवणारे कोणीतरी त्याच्या वर बसवावे लागते. आजवर ते काम वही करत होती.

उदाहरण कोणते घ्यावे, हा शिकवणाऱ्याचा निम्मा प्रश्न असतो. सुरुवातीची काही वर्षे मी जनुकीय माहितीचे उदाहरण घेत असे. जीवशास्त्राची मुले खूश असत, पण खगोलशास्त्राच्या आणि हवामानाच्या मुलांचा अर्धा दिवस त्या फाइलींत काय असते हे समजून घेण्यातच जाई. नंतर मी एचपीसी कार्पेंट्री या समूहाने मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिलेल्या पाठाकडे वळले. त्यात ॲमडाल नावाचा एक छोटासा पायथन प्रोग्राम आहे. जीन ॲमडाल यांनी 1967 साली मांडलेला मुद्दा असा की, कामाचा जो भाग वाटून करता येत नाही तो, प्रोसेसर कितीही वाढवले तरी, तेवढाच वेळ खातो. हा प्रोग्राम 30 सेकंदांच्या कामाचे सोंग घेतो, त्यातला 80 टक्के भाग वाटण्याजोगा मानतो, आणि खरे काम काहीच न करता ठरलेला वेळ नुसता झोपून काढतो. कागदावर हिशेब केला तर एका प्रोसेसरवर 30 सेकंद, दोनवर 18, चारवर 12, आठवर 9, सोळावर साडेसात, आणि बत्तीसवर पावणेसात. प्रोसेसर अगणित दिले तरी 6 सेकंदांच्या खाली उतरता येत नाही. सोळावरून बत्तीसवर गेल्यावर पाऊण सेकंद मिळतो, हे पाहून दर वेळी कोणीतरी आपल्या जॉबमध्ये मागितलेल्या कोअरची (म्हणजे प्रोसेसरची) संख्या गुपचूप कमी करते. शिकवण्याच्या मूळ हेतूत ते नव्हते, पण मला त्याचा आनंद होतो.

या उदाहरणाचा आकारही नेमका हवा तसा आहे. निरनिराळ्या प्रोसेसर-संख्यांवर तोच प्रोग्राम चालवायचा, प्रत्येक वेळचा निकाल वेगळ्या जेसन फाइलीत ठेवायचा, आणि त्या साऱ्या फाइली एकत्र करून आलेख काढायचा. म्हणजे एका ठिकाणाहून फाकलेल्या वाटा पुढे पुन्हा एका ठिकाणी मिळतात. क्लस्टरवर चालणाऱ्या कितीतरी संशोधनाचा सांगाडा असाच असतो, मग त्या वाटांवर नमुने असोत, दुर्बिणीच्या निरीक्षणांचे तुकडे असोत किंवा हवामानाच्या प्रारूपाच्या निरनिराळ्या धावा असोत.

खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि ती वाक्यरचनेची नसते. शाळेपासून आपल्याला कृती पुढे पुढे सांगायची सवय असते: आधी हे करा, मग ते करा, शेवटी अमुक मिळेल. स्नेकमेकच्या नियमात तीन गोष्टी असतात, कोणती फाइल बनवायची, ती कोणत्या फाइलींवरून बनते, आणि कोणत्या आज्ञेने बनते. परंतु ते नियम लिहिलेल्या क्रमाने चालत नाहीत. तुम्ही शेवटची फाइल मागता, ते सॉफ्टवेअर ती बनवणारा नियम शोधते, त्या नियमाला लागणाऱ्या फाइली पाहते, त्या नसतील तर त्यांचे नियम शोधते, आणि असे मागे मागे जात जिथे सगळे हाताशी आहे तिथे पोहोचल्यावरच कामाला लागते. वीस वर्षे फोर्ट्रान लिहिलेले एक वरिष्ठ शास्त्रज्ञ वर्गात होते. त्यांनी विचारले, "पण मॅडम, हे सुरू कुठून होतं?" जे हवे आहे तिथून, असे मी म्हणाले. त्यांना ते उत्तर पटले नाही, आणि मला वाटते की त्यांची नापसंती अगदी रास्त होती, कारण चाळीस ओळींची फाइल वरून खाली वाचून काय होणार हे कळत नसेल तर कोणाही सावध माणसाला अस्वस्थ व्हायला हवे.

पूर्वी मी इथे पुरणपोळीचे उदाहरण द्यायचे. पोळी हवी तर पुरण आणि कणीक हवी, पुरणाला शिजलेली डाळ आणि गूळ हवा, वगैरे. वर्गाला ते आवडायचे, जेवणाची वेळ जवळ असेल तर फारच आवडायचे, आणि वाइल्डकार्ड आले की सगळे कोसळायचे. कारण स्वयंपाकघरात पोळीच्या नावावरून कोणी डाळ ठरवत नाही, आणि स्नेकमेकमध्ये नेमके तेच घडते. निकालाच्या फाइलीच्या नावात प्रोसेसरच्या संख्येसाठी एक मोकळी जागा ठेवलेली असते. आठ क्रमांकाची फाइल मागितली की त्या जागी आठ बसतो, आणि तोच आठ आज्ञेत, लागणाऱ्या फाइलींच्या नावांत, सगळीकडे झिरपतो. माहिती निकालाकडून साधनाकडे वाहते. मुलांची समजूत मात्र अशी असते की हे सॉफ्टवेअर फोल्डरमध्ये डोकावेल, सापडतील त्या सगळ्या फाइली उचलेल आणि त्यांचे निकाल बनवेल. तसे काही होत नाही. कोणी मागितलेच नाही तर काहीच बनत नाही, आणि मोकळी जागा असलेला नियमच थेट लक्ष्य म्हणून दिला तर, अशा नियमाला लक्ष्य करता येत नाही, एवढे सांगून ते थांबते.

म्हणून आता मी संगणक बंद करायला लावते आणि चिठ्ठ्या वाटते. प्रत्येक जण एक नियम होतो. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला आपण काय बनवतो ते, मागच्या बाजूला त्यासाठी काय लागते ते. पहिल्या मिनिटाला कोणीही हलायचे नाही. मग मी आलेख मागते. आलेखवाला उठतो, मागची बाजू वाचतो आणि पाच फाइली मागतो; त्या फाइलींचा नियम ज्याच्याकडे आहे तो एकटाच पाच वेळा उठतो, दर वेळी हातात वेगळा आकडा घेऊन. वर्गाच्या मागच्या बाकावर एक मुलगा चिठ्ठी धरून शेवटपर्यंत बसून राहतो, कारण त्याची फाइल कोणालाच नको असते. सगळ्यांत जास्त शिकणारा तोच असतो. एकदा छपाईतल्या चुकीमुळे एकाच फाइलीवर दोघांनी हक्क सांगितला आणि दोघेही एकदम उठले. स्नेकमेकही अशा वेळी संदिग्धतेची तक्रार करून काम नाकारते, त्यामुळे ती चुकीची चिठ्ठी मी पुढे मुद्दामच ठेवली.

चिठ्ठ्यांचा खेळ झाल्यावर कोरडी धाव दाखवते, म्हणजे प्रत्यक्ष काही न चालवता काय काय चालेल आणि का चालेल याची यादी. माझ्या वर्गात नियम असा आहे की कोरड्या धावेत किती पायऱ्या दिसतील हा आकडा आधी कागदावर लिहायचा आणि मगच आज्ञा द्यायची. सगळे निकाल तयार झाल्यानंतर मी मधलीच एक फाइल आणि शेवटचा आलेख पुसायला सांगते आणि पुन्हा आकडा विचारते. बहुतेकांचे पहिले उत्तर चुकते. कोणी एक म्हणते, कोणी सगळ्याच्या सगळ्या. ती एक धाव आणि तिच्यावर अवलंबून असलेला आलेख, एवढेच पुन्हा होणार, हे ज्याला स्वतःहून सांगता येते त्याचे मी निम्मे शिकून झाले असे धरते.

ही कल्पना नवी अजिबात नाही. 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचे सॉफ्टवेअर लिहिले, ते याच तत्त्वावर. मेकमध्ये आज्ञेच्या ओळीपूर्वी टॅबच द्यावा लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि त्यापायी जगभरातल्या नवशिक्यांचे जे तास वाया गेले त्यामागची हकिगत मी न चुकता सांगते: फेल्डमन यांना ही खोट लवकरच उमगली होती, पण तोवर मेकचे डझनभर वापरकर्ते झाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. योहानेस क्योस्टर आणि स्वेन राहमान यांनी 2012 साली स्नेकमेक प्रसिद्ध केले तेव्हा तत्त्व मेकचेच ठेवले आणि भाषा पायथनची घेतली.

दुसरा दिवस क्लस्टरचा. इथे सांगण्यासारखी चांगली गोष्ट एकच, पण मोठी आहे: आदल्या दिवशी लिहिलेले नियम जवळपास तसेच राहतात. काम स्लर्मकडे सोपवायचे, एका वेळी इतकेच जॉब रांगेत टाकायचे, वेळ आणि मेमरी एवढी मागायची, हे सगळे प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फाइलीत जाते, आणि ती फाइल बदलली की तोच वर्कफ्लो दुसऱ्या संस्थेच्या यंत्रावर चालतो.

वाईट गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या शिकवण्यात जास्त वेळ जातो. डिसेंबर 2023 मध्ये स्नेकमेकची आठवी आवृत्ती आली आणि क्लस्टरला जॉब देण्याची जुनी रीत काढून टाकून त्या जागी प्लगइन आले. पुढच्याच वर्गात मी जुन्या टिपणांसह उभी होते आणि फळ्यावरची एकही आज्ञा चालेना. त्या दिवसापासून आवृत्तीचा क्रमांक टिपणांच्या पहिल्या ओळीत असतो. मग फाइल-प्रणालीचा घोळ. गणना करणाऱ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकावर, फाइल लिहून होते, पण जाळ्यावरच्या सामायिक डिस्कमुळे, जिथून सगळे आत शिरतात त्या लॉगिन नोडला ती दिसायला थोडा वेळ लागतो; स्नेकमेक मुळात 5 सेकंद वाट पाहते आणि फाइल मिळाली नाही म्हणून पायरी फसल्याचे जाहीर करते. विद्यार्थी तोवर यादी काढून पाहतो तर फाइल समोर असते, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू मीच ती मागून आणून ठेवली. वाट पाहण्याची मुदत प्रोफाइलमध्ये मिनिटभर केली की हा प्रकार सहसा थांबतो.

सगळ्यांत लाजिरवाणा प्रसंग जनुकीय उदाहरणाच्या काळातला आहे. काही जण प्रोफाइल द्यायला विसरले आणि कोअरची संख्या मात्र भरघोस दिली, सगळे काम लॉगिन नोडवरच सुरू झाले, आणि पंधरा मिनिटांत प्रणाली-व्यवस्थापकांचा फोन आला, "अहो मॅडम, तुमच्या वर्गाने लॉगिन नोड पार आडवा केलाय." आता उदाहरणातला प्रोग्राम झोपाळू असल्यामुळे तीच चूक झाली तरी कोणाला फारशी झळ बसत नाही, हा त्याचा पाठात न लिहिलेला गुण. उलट बाजूची चूकही होते: दोन सेकंदांचे आलेख काढण्याचे काम रांगेत टाकून दहा मिनिटे वाट पाहत बसणे. असे किरकोळ नियम स्थानिक म्हणून जाहीर करता येतात, ते मी त्याच वेळी सांगते.

वर्गासाठी मी काही नोड आधी राखून घेते, कारण तीस जण रांगेत अडकले तर दिवस संपतो. तरी शेवटचा एक सराव राखीव नोड सोडून खऱ्या रांगेत करायला लावते. तो कधी संध्याकाळपर्यंत संपतो, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. जॉब रांगेत असताना स्नेकमेकची मूळ प्रक्रिया कोठे चालू ठेवायची, लॅपटॉप मिटला तर काय होते, टीमक्स (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारे साधन) कशासाठी, हे प्रश्न केवळ त्या सरावातच मनापासून विचारले जातात.

स्नेकमेकच का, याचे माझे उत्तर थोडे डळमळीत आहे. बार्सिलोनात 2013 साली सुरू झालेले नेक्स्टफ्लो हे याच कामाचे सॉफ्टवेअर मागे चालत नाही. त्यात माहिती एका प्रक्रियेतून पुढच्या प्रक्रियेत वाहत जाते, आणि त्या फोर्ट्रानवाल्या गृहस्थांना ते नक्कीच जवळचे वाटले असते. दर सहा तासांनी तेच चक्र पुन्हा फिरवायचे असेल, जसे हवामानाच्या अंदाजात असते, तर न्यूझीलंडमध्ये घडलेले आणि ब्रिटनच्या हवामान खात्याने स्वीकारलेले सिल्क अधिक योग्य. 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपल्या गेलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीच्या विश्लेषणात पेगासस हे असेच सॉफ्टवेअर होते, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेमुळे ते नाव आपल्याकडच्या मुलांच्या कानावर अधिक पडेल असे दिसते. मी स्नेकमेक निवडते कारण येणाऱ्यांना पायथन थोडेफार येते, आणि कोरड्या धावेवर माझा सगळा वर्ग उभा आहे. ज्याच्याकडे दोनच पायऱ्या आणि एकच निकाल आहे त्याला मी साधी स्क्रिप्टच लिहायला सांगते.

त्या मुलीची वही आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नियमांत उतरवायला बसलो. तासाभरात बहुतेक बाण बसले. एक बाण मात्र बसेना. त्याच्यावर तिने दर वेळी प्रश्नचिन्ह काढले होते. त्या टप्प्यावर ती प्रत्येक नमुन्याचा गुणवत्तेचा आलेख डोळ्यांनी पाहायची आणि कोणता नमुना पुढे न्यायचा, कोणता सोडायचा ते ठरवायची. कशावरून, असे मी विचारले, तर तिला पटकन सांगता येईना. एखादा आकडा उंबरठा म्हणून ठरवू या, असे शेजारच्याने सुचवले, पण त्या आकड्याने तिने जाणीवपूर्वक ठेवलेले दोन नमुने बाद होत होते. शेवटी आम्ही वर्कफ्लोची दोन लक्ष्ये केली. पहिले सगळ्या नमुन्यांचे आलेख काढून थांबते. दुसरे एका साध्या मजकूर-फाइलीपासून सुरू होते, जिच्यात स्वीकारलेल्या नमुन्यांची नावे असतात. ती फाइल ती स्वतःच हाताने लिहिते, आणि प्रत्येक नावापुढे ते का ठेवले याची एक ओळही लिहायला तिने आता सुरुवात केली आहे.